यकृत वॉरंटची वाट बघत नाही

समजा, रात्री अकराला खंबाटकी घाटात एक मोटार कठड्याला धडकली. चालकाच्या रक्तात तेव्हा १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा आहे ३०. जखमींना हलवणं, क्रेन, पंचनामा यांत तीन तास गेले. दोन वाजता रक्त काढलं तर रिपोर्टात जेमतेम २५ येतील.

हे काम यकृताचं. अल्कोहोल मोडणारं एन्झाइम एक-दोन पेगांतच पूर्ण कामाला जुंपलं जातं. पुढे कितीही ढोसली तरी उतरण्याचा वेग साधारण तोच: तासाला १० ते २० मिलिग्रॅम. आणेवाडी टोलनाक्यावर रांग कितीही वाढो, खिडक्यांमधून तासाला गाड्या तेवढ्याच सुटतात, तसंच हे. लिंबू, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनी डोळे उघडतील, आकडा हलणार नाही.

पुरावाच असा विरघळत असेल तर पोलिसांनी न्यायाधीशाच्या सहीसाठी थांबायचं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मिसुरीतल्या एका खटल्यात सांगितलं, की दारू उतरतेय एवढंच कारण नेहमी पुरेसं नाही, प्रत्येक वेळची परिस्थिती बघा. २०१६ साली आणखी स्पष्ट केलं: अटकेनंतर यंत्रात फुंकायला लावणं वॉरंटविना चालेल, पण सुई टोचणं हा शरीरात शिरकाव आहे, तो त्याच सबबीवर चालणार नाही.

आपल्याकडे मात्र पोवई नाक्यावरच्या नाकाबंदीत ‘वॉरंट दाखवा’ म्हणून उपयोग नाही. यंत्रात दारू दिसली किंवा फुंकायलाच नकार दिला, की अटक झालेल्याच्या रक्ताचा नमुना कलम २०४ खाली मागता येतो. विनाकारण नाही म्हटलं तर तो नकारच कलम २०५ प्रमाणे पुराव्यात धरता येतो. पण कायद्याने पोलिसांच्या हातातही घड्याळ बांधलंय: कलम २०२ खाली अटक केली, तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडायचं. मला ही अट वॉरंटपेक्षा शहाणी वाटते. तिला यकृताचा वेग कळतो.

आणि रक्त पोलीस काढत नाहीत, नोंदणीकृत डॉक्टर काढतात. खरी मेख इथे आहे. दारूबंदी कायद्याखालचे आपल्या राज्यातले १९५९चे नियम वाचण्यासारखे आहेत. रक्त किमान ५ सीसी, शिरेतलं. कातडी पुसायची ती निर्जंतुक पाण्याने. अल्कोहोलचा स्पर्श कुठल्याही टप्प्यावर नको. रोजच्या सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला, तर रिपोर्टातली दारू पोटातली की बोळ्यातली, असा वाद कोर्टात उभा राहतो. मग रक्त कुपीत घालून ती जोरात हलवायची, कारण आतली दोन द्रव्यं रक्तात नीट मिसळायला हवीत: एक गोठू न देणारं, दुसरं टिकवणारं. टिकवण्यासाठी सहसा सोडियम फ्लोराइड वापरतात. ते कमी पडलं आणि कुपी उन्हाळ्यात तशीच पडून राहिली, तर जंतू रक्तातली साखर आंबवून कुपीतच नवी दारू तयार करू शकतात. न पिणाऱ्याच्या नमुन्यातही. उलट बूच सैल असेल तर असलेली दारू उडून जाते आणि पिणारा वाचतो. म्हणून सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतल्या केमिकल अॅनलायझरचा (रासायनिक विश्लेषकाचा) अहवाल आला, की बचावाचा मुरलेला वकील आधी आकडा बघत नाही. लाखेचं सील, लेबल आणि कुपी पोहोचल्याची तारीख बघतो.