स्कॉटलंडमधली बारमाही भटकंती: डोंगर, बर्फ आणि समुद्र

स्कॉटलंडमधे असे बरेच लोक भेटतात जे हिवाळ्यात स्की लावून डोंगर चढतात, वसंतात-उन्हाळ्यात कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेऊन बेटाबेटांमधून फिरतात आणि उरलेल्या दिवसांत पायी डोंगर पालथे घालतात. बाहेरून बघणाऱ्याला हे तीन वेगळे खेळ वाटतात पण करणाऱ्यांसाठी तो एकच छंद असतो, कारण शनिवारी काय करायचं हे शेवटी हवामानच ठरवतं. तिथे डोंगर आणि समुद्र एकमेकांना अगदी खेटून आहेत, बेन नेव्हिस १३४५ मीटर उंच, ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि त्याच्या पायथ्याशीच लॉक लिनी ही समुद्राची खाडी.

यातला पायी डोंगर चढण्याचा भाग, म्हणजे हिलवॉकिंग, सगळ्यात जुना आणि सगळ्यात लोकप्रिय. १८९१ मधे सर ह्यू मन्रो यांनी ३००० फुटांवरच्या (म्हणजे साधारण ९१४ मीटर) शिखरांची यादी छापली आणि तेव्हापासून त्या शिखरांना मन्रोच म्हणतात. आजच्या यादीत २८२ आहेत आणि एकेक करत सगळे संपवायला काहींना अख्खं आयुष्य लागतं. विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ चा हिशोबही अजून वापरात आहे: सपाटीला ३ मैलांना एक तास, आणि प्रत्येक २००० फूट चढाईला वरून आणखी एक तास. या हिशोबात थांबणं, वारा, चिखल काहीच धरलेलं नाही हे मात्र विसरू नये.

हे सगळं इतकं मोकळेपणाने करता येतं त्यामागे कायदा आहे. २००३ चा लँड रिफॉर्म कायदा, जो २००५ पासून लागू झाला, त्याने जवळपास सगळ्या जमिनीवर आणि नद्या-तळ्यांवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला, मालक कोणी का असेना. तंबूही टाकता येतो, फक्त लॉक लोमंड नॅशनल पार्कच्या काही भागांत मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं. माझ्या मते या भटकंतीचा खरा पाया हाच आहे, शिखरं आणि बेटं नंतर.

आता ऋतूंकडे. नवख्या माणसाला जी गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती ही, की समुद्राचा ऋतू डोंगराच्या ऋतूच्या दोन-तीन महिने मागे चालतो. एप्रिल-मे मधे पश्चिम किनाऱ्यावर बरेचदा वर्षातलं सगळ्यात कोरडं, स्वच्छ हवामान असतं, ऊन पडलेलं, डास-माश्या नाहीत, लोक टी-शर्टवर फिरतायत, आणि पाणी मात्र अजून हिवाळ्यातलंच, कारण समुद्र सगळ्यात थंड होतो तो फेब्रुवारी-मार्चमधे आणि सगळ्यात उबदार होतो ऑगस्ट-सप्टेंबरमधे, तेव्हाही १३-१४ अंशच. थंड पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही, हुंदक्यासारखा श्वास आत ओढला जातो, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. म्हणून त्या उन्हातही ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, घालायचा, कितीही घाम आला तरी.

कयाकमधे बसल्यावर स्प्रे डेक, म्हणजे कमरेभोवतीचं ते रबरी झाकण, आधी पाठीमागून कडेत बसवायचं, मग बाजूने, आणि शेवटी पुढे. पुढचा पट्टा बाहेर राहिलाय ना हे हाताने चाचपून बघायचं. होडी उलटली की पाण्याखाली डोळ्यांना नीट दिसत नाही, हात त्याच पट्ट्याकडे जातो, आणि तो आत दुमडला गेला असेल तर झाकण निघत नाही. दोन सेकंदांचं काम आहे पण अनुभवी लोक ते शंभराव्यांदाही करतात.

वाऱ्यापेक्षाही जास्त अभ्यास लागतो तो भरती-ओहोटीचा. सहा तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही, एकूण चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी सरकतं आणि अरुंद सामुद्रधुनीत तेव्हा नदीसारखा ओढा लागतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, अजूनच. जुरा आणि स्कार्बा बेटांच्या मधलं कॉरीव्रेकन याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, तिथे समुद्रतळातून वर आलेल्या खडकाच्या सुळक्यावर प्रवाह आपटतो आणि जगातल्या मोठ्या भोवऱ्यांपैकी एक तयार होतो. तिथली भरती पश्चिमेकडे वाहते, त्यात पश्चिमेचा वारा समोरून आला की लाटा उभ्या राहतात. १९४७ च्या ऑगस्टमधे लेखक जॉर्ज ऑरवेल इथे बुडता बुडता वाचले, होडीचं इंजिनच निखळून पाण्यात गेलं होतं. कयाकवाले इथून जातात ते भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते त्या दिवसांत, पाणी थबकतं त्या थोड्या वेळात.

पूर्वेचा वारा असेल तर पश्चिम किनाऱ्यालगत पाणी काचेसारखं शांत दिसतं आणि माणूस फसतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, जितकं बाहेर जाल तितका जोर वाढतो, आणि परत येताना तोच वारा तोंडावर.

जून-जुलैमधे उत्तरेला १८ तास उजेड, पफिन पक्षी कड्यांवर, आणि मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या. थोडा वारा सुटला की त्यांना उडता येत नाही, म्हणून तंबू झाडीत नाही तर वारा लागणाऱ्या टोकावर. शरद ऋतूत हरणांची शिकार चालू असते तर डोंगरावर जायच्या आधी त्या भागात चौकशी करायची, आणि किनाऱ्यावर करड्या सीलची पिल्लं जन्मत असतात, तिथे कयाक लांबूनच न्यायची.

डिसेंबरमधे उत्तरेतल्या इन्व्हर्नेस शहरात दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. त्यात केर्नगॉर्मचं पठार, १००० मीटरच्या वरची ब्रिटनमधली सगळ्यात मोठी सलग जमीन, आणि तिथला वारा म्हणजे काय तर २० मार्च १९८६ ला ताशी १७३ मैलांची झुळूक नोंदली गेली, झुळूक म्हणणंही चूकच. नोव्हेंबर १९७१ मधे याच पठारावर बर्फाच्या वादळात सापडून एका शाळेची पाच मुलं आणि त्यांच्याबरोबरची तरुण प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक दगावली.

स्की टूरिंगवरही, म्हणजे स्की लावून डोंगर चढण्या-उतरण्यावरही, या वाऱ्याचंच राज्य. पठारावरचा बर्फ उडून वाऱ्याच्या आडोशाच्या उतारांवर आणि ओढ्यांच्या घळींत साचतो, त्यामुळे वरती दगड उघडे आणि घळीत पुरुषभर बर्फ, स्कीवाले त्या पांढऱ्या पट्ट्यांचाच माग काढत जातात. पण तेच साचलेले थर हिमस्खलनाचेही, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, म्हणून हिवाळाभर सहा डोंगराळ भागांसाठी रोज हिमस्खलनाचा अंदाज निघतो आणि तो वाचल्याशिवाय कोणी शहाणा माणूस निघत नाही. चढताना स्कीखाली स्किन, म्हणजे केसाळ पट्टे, चिकटवतात, पूर्वी सीलच्या कातड्याचे असायचे, आता मोहेर (बकरीची लोकर) किंवा नायलॉनचे. केस एका दिशेने झुकलेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वाऱ्यात अख्खी स्किन एकदम उघडायची नाही, अर्धी सोलायची, चिकटवायची, मग उरलेली, कारण एकदा गोंदाला बर्फ लागला की ती दिवसभर चिकटत नाही.

हा बर्फ काही घळींत पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकायचा. केर्नगॉर्ममधल्या ब्रेरिआख डोंगराच्या गार्व कोरी मोर या घळीतला सगळ्यात चिवट डाग विसाव्या शतकात नोंदीप्रमाणे तीनदाच पूर्ण वितळला, १९३३, १९५९ आणि १९९६. त्यानंतर २००३, २००६, मग २०१७, २०१८, आणि २०२१ ते २०२४ दरवर्षी. शरदात डोंगर चढणारे लोक आता वाट वाकडी करून तो शिल्लक आहे का ते बघून येतात.