डी-बोअर बुश

एका बाजूने सपाट आणि बाकी गोल, म्हणजे इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे आरपार भोक (बोअर) असलेला धातूचा छोटा बुश, म्हणजे शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) चढवायची नळी. पोटेंशिओमीटर (फिरवून विद्युत रोध बदलायचा भाग), लहान गिअर मोटर आणि काही स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) यांच्या शाफ्टची एक बाजू तासून सपाट केलेली असते. त्यावर चाक, गिअर किंवा नॉब न घसरता बसायचा तर भोकही त्याच आकाराचे लागते. गोल भाग शाफ्टला मध्यावर धरतो, फिरवण्याचा जोर सपाट भाग पेलतो.

माप दोन आकड्यांत सांगतात. पोटेंशिओमीटरच्या नेहमीच्या शाफ्टला व्यास ६ मिमी आणि सपाटीपासून समोरच्या गोलाईपर्यंत ४.५ मिमी, एन-२० जातीच्या छोट्या गिअर मोटरला ३ आणि २.५ मिमी.

सपाटी म्हणजे भोकात राखून ठेवलेला धातू. ६ मिमीचे ड्रिल एकदा आरपार गेले की तो गेलाच. शाफ्टच्या मध्यावरच ड्रिल मारले, तर सपाटी तिथून अवघ्या १.५ मिमीवर असल्याने ३ मिमीपेक्षा मोठे भोक पाडता येत नाही आणि उरलेला धातू काढता काढता हात दुखतात. ड्रिलचा मध्य सपाटीपासून ०.७५ मिमी आणखी दूर सरकवला, की ४.५ मिमीचे वर्तुळ सपाटीला आणि समोरच्या गोलाईला नेमके टेकते. लेथवर (जॉब म्हणजे कामाचा तुकडा फिरवणाऱ्या यंत्रावर) चार जबड्यांच्या चकात, म्हणजे पकडीत, जॉब सरकवून हे साधते; एका फेऱ्यात जॉबला टेकवलेल्या मापक डायलची सुई १.५ मिमी फिरली की सरक बरोबर. प्रत्यक्षात ड्रिल थोडे लहान, ४.२ मिमीचे घ्यावे, म्हणजे फिनिशिंगला धातू उरतो. मग दोन्ही कोपरे निडल फाइलने (बारीक कानशीने) मोकळे करायचे. या मापात कोपऱ्याचा कोन १२० अंशांचा येतो, त्यामुळे कानस आत नीट पोचते.

कानस मारताना उतावीळपणा नडतो. सपाटीवर ०.१ मिमी जागा जास्त सुटली, तर ६ मिमीच्या शाफ्टवर बुश दोन्ही दिशांना दोन अंशांहून अधिक हलतो. शिवाय जोर पूर्ण सपाटीवर न येता शाफ्टच्या एका धारेवर येतो आणि पितळेसारख्या मऊ धातूत खाच पडत जाते. म्हणून त्याच मापाचा डी-आकाराचा मँड्रेल (बुश चढवायचा दांडा) आधी करावा आणि त्यावर मार्किंग ब्लू (कुठे घासते ते दाखवणारा निळा रंग) लावून भोक पुन्हापुन्हा तपासावे.

हाच मँड्रेल पुढेही लागतो. बाहेरची गोलाई भोकाच्या आधी टर्न केली (लेथवर कापली), तर हाताने काढलेले भोक तिच्या मध्यावर येईलच असे नाही आणि बुश डगमगत फिरतो. आधी भोक, मग मँड्रेलवर चढवून बाहेरचे टर्निंग हाच क्रम खात्रीचा.

हलक्या कामाला दुसरी वाट आहे. ६ मिमीचे पूर्ण गोल भोक रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) फिनिश करून, त्याच व्यासाच्या सळीतून काढलेला १.५ मिमी जाडीचा तुकडा आत झाळून बसवतात. गोलाई रीमरचीच असल्याने मध्य चुकत नाही. जोर मात्र बेताचाच द्यावा.

नग जास्त असतील तर ब्रोच (भोकातून ओढून आकार कापणारे दातेरी हत्यार) परवडतो. कडक पोलादाला वायरकट उत्तम: तारेसाठी लहान भोक पाडले की साधारण ०.२५ मिमीची तार ठिणग्यांनी धातू झिजवत पूर्ण आकार कापते. तारेच्या जाडीमुळे आतल्या कोपऱ्यांत बारीक गोलाई राहते, तेव्हा शाफ्टच्या धारा किंचित मोडून घ्याव्या लागतात.