आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर नवशिके फोटोग्राफर एकमेकांना हमखास सांगतात, "आयएसओ वाढव, कॅमेऱ्याला जास्त दिसेल." आत अंधार, आणि चित्रं जपण्यासाठी फ्लॅशला बंदी, ती योग्यच आहे. आयएसओ ही कॅमेऱ्यातली फोटो उजळ करणारी सेटिंग; पण हा सल्ला अर्धवट आहे.

समोर आहे त्या उजेडातला किती प्रकाश सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, घ्यायचा, हे अ‍ॅपर्चर आणि शटर ठरवतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; ते मोठं करत एफ ४ वरून एफ २.८ वर आलात की प्रकाश दुप्पट. शटर म्हणजे प्रकाश आत येऊ देणारी झडप; ती १/६० सेकंदाऐवजी १/३० सेकंद उघडी ठेवलीत तरी दुप्पट. आयएसओ त्यानंतर येतो आणि जमलेल्या प्रकाशाचा सिग्नल नुसता मोठा करतो.

मग आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार का होतो? मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, सुटे सुटे येतात आणि त्यांच्या येण्याला नेम नसतो. मृगाच्या सरीत अंगणात सारख्या दोन वाट्या ठेवा, दोन्हींत मोजून तेवढेच थेंब पडणार नाहीत. पिक्सेलचंही तसंच. सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १००. हा एक टक्का डोळ्याला जाणवत नाही. फोटॉन १०० च असतील, तर चढउतार १०, म्हणजे थेट दहा टक्के! पद्मपाणीच्या गालावरच्या एकसारख्या रंगात एक पिक्सेल उजळ, शेजारचा काळपट दिसू लागतो. आयएसओ १०० ऐवजी ६४०० वर तेवढाच उजळ फोटो काढला, तर प्रकाश ६४ पट कमी घेतलेला असतो आणि सिग्नलच्या तुलनेत हा चढउतार, म्हणजेच नॉइज, ८ पट होतो. सेन्सर कितीही महागडा असो, प्रकाशाच्या स्वभावातून येणारा हा नॉइज शून्य होत नाही.

 

लेण्यात आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. चित्र हलत नाही, तेव्हा कोपरं अंगाशी घट्ट धरून हात साथ देईल तितका शटर सावकाश ठेवा. तरीही काळोखच राहिला, तर आयएसओ बिनधास्त वाढवा; दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो सुधारत नाही. वेरूळला कैलास लेण्याच्या उघड्या अंगणात भर दुपारी मात्र आयएसओ १०० वर आणायला विसरू नका.