तिबिलिसीचा कलता मनोरा प्राचीन नाही

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीतला घड्याळाचा कलता मनोरा शेकडो वर्षांचा आहे, भूकंपात वाकला, असं फोटोंखाली सर्रास लिहिलं जातं. चूक! तो २०१० च्या सुमारास उभा राहिला, आणि वाकडा मुद्दामच. नाटककार, पटकथाकार रेझो गाब्रियाद्झे (१९३६–२०२१) यांनी १९८१ मध्ये काढलेल्या कळसूत्री बाहुल्यांच्या थिएटरला लागूनच तो आहे. जुन्या घरांचे अवशेष आणि स्वतः घडवलेल्या टाइल्स त्यांनी त्यात वापरल्या. लोखंडी तुळईचा टेकूसुद्धा नाटकाचाच भाग म्हणायचा. दर तासाला वर एक देवदूत येऊन घंटा वाजवतो. खरं जुनं बांधकाम हवं असेल तर शेजारचं सहाव्या शतकातलं आंचिसखाती चर्च बघा. तिकडे मात्र कॅमेरे कमीच वळतात.