वार्षिक परीक्षेची तयारी: गणिताची वही खोडू नका

पालकहो,

परीक्षा जवळ आली की आम्हांला रोज एकच प्रश्न येतो: "सराव पेपर किती सोडवून घेणार?" त्याचं उत्तर पुढे आहेच. आधी आमचा सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया जातो ते सांगतो. खोडरबरात.

मूल घरी उदाहरण सोडवतं, चुकतं. आई किंवा बाबा ते खोडून बरोबर लिहून घेतात आणि आमच्यासमोर येते स्वच्छ, सुंदर वही. तिच्यातून आम्हांला काहीच कळत नाही.

५०२ − १७८ घ्या. उत्तर ३२४. एका मुलाचं येतं ४७६. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. वर कोण, खाली कोण हे पाहिलंच नाही. दुसऱ्याचं येतं ३३४. त्याला हातचा घेता येतो. शतक मोडून दशकाच्या घरात १० आले हेही ठाऊक आहे. फक्त त्यातला एक दशक एककाला दिल्यावर तिथे ९ उरतात, हे राहून जातं. पहिल्याला काड्यांच्या गठ्ठ्यांपासून पुन्हा शिकवावं लागतं, त्याला दिवस लागतात. दुसऱ्याचं काम दहा मिनिटांचं. खोडलेल्या वहीत दोघे सारखेच दिसतात. मग चूक शोधण्यातच पहिला आठवडा जातो, आणि त्याची फी तुम्ही भरलेली असते.

वेळेच्या उदाहरणांतही तेच. ४ तास १५ मिनिटांतून १ तास ४० मिनिटे वजा करून कोणी '२ तास ७५ मिनिटे' लिहिलं, तर तासाची ६० ऐवजी १०० मिनिटं धरली हे आम्हांला पाहताक्षणी कळतं. खोडून '२ तास ३५ मिनिटे' केलेलं असलं तर नाही.

तेव्हा चुकीवर एक आडवी रेघ मारू द्या आणि शेजारी पुन्हा सोडवू द्या. वही गबाळी दिसेल. दिसू द्या.

आता पेपर. पूर्ण पेपर आम्ही शेवटच्या दोन आठवड्यांतच देतो. काहींना हे कमी वाटतं, दुसरीकडे रोज एक पेपर असतो असंही ऐकवतात. पण कच्ची जागा तशीच ठेवून वीस पेपर सोडवले, तर तीच चूक वीसदा गिरवली जाते.

पाढे रोज पाच मिनिटं घ्या, पण उलटसुलट विचारा. "सात आठे?" म्हटल्यावर मूल 'सात एके सात'पासून पुटपुटत निघालं, तर पाढा पाठ आहे, पण हाताशी नाही.

आणि एक विनंती: 'जास्त' दिसलं की बेरीज, असं शिकवू नका. "मीनाकडे १५ पेन्सिली आहेत. त्या राजूच्या पेन्सिलींपेक्षा ६ने जास्त आहेत. राजूकडे किती?" या उदाहरणाला मुलं बिनधास्त २१ लिहितात. आधी एवढंच विचारा: जास्त पेन्सिली कोणाकडे?

पहिल्या भेटीत आम्ही अर्ध्या तासाची चाचणी घेऊन कच्च्या जागांची यादी तुमच्या हातात देतो. प्रवेश घेतलाच पाहिजे असं नाही. एका गटात सहाच मुलं घेतो, त्यामुळे ऐन परीक्षेच्या तोंडावर जागा मिळेलच असं सांगता येत नाही. येताना चालू वर्षाची गणिताची वही आणा. कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल.