जुन्या कॅनव्हासवरचा रंग आणि ‘जेसो’चा घोळ

कॅनव्हास महाग, म्हणून जुनाच पुन्हा वापरायचा, ही चाल जुनी. पण पूर्वी रंग पुरता काढायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे. फार तर उंचवटे खरवडायचे आणि त्यावरच नवं चित्र. व्हॅन गॉग या डच चित्रकाराने पॅरिसमध्ये १८८७ साली रंगवलेल्या गवताच्या एका चित्राखाली त्यानेच आधी काढलेला एका बाईचा चेहरा दडलेला होता. २००८ साली हॅम्बुर्गला क्ष-किरणांनी तो रंगांसकट पुढे आला.

तैलरंग वाळतो तेव्हा त्यातून पाणी उडत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत जाळं विणतं. मग टर्पेंटाइनचा बोळा कितीही फिरवा, तो जेमतेम मळतो. कॉस्टिक सोड्याने हे जाळं तुटतं, पण रंगाखाली कापडाला लावलेला सरसही जातो. मिथिलीन क्लोराइड या रसायनाचे, रंग काढायचे रिमूव्हर झटपट काम करत. त्यांच्या वाफेने माणसं दगावली. अमेरिकेत २०१९ साली त्यांची किरकोळ विक्री बंद झाली.

खरा घोळ घातला तो ‘जेसो’ या शब्दाने. इटालियनमध्ये जेसो म्हणजे जिप्सम, खडू. मध्ययुगात जिप्सम सरसात कालवून लाकडी फळीवर थर चढवत. १९५०च्या दशकात अमेरिकेत अॅक्रिलिकचं, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिकचं, पांढरं अस्तर त्याच नावाने विकायला निघालं. त्यात ना सरस, ना जिप्सम. माझ्या मते ही निव्वळ दुकानदारी. तैलरंगावर अॅक्रिलिक चालत नाही, हे कलाशाळेत पहिल्या वर्षालाच कानी पडतं. तरी तीच मुलं जुन्या तैलचित्रावर बिनदिक्कत जेसो मारतात, कारण जेसो म्हणजे अॅक्रिलिकच, हे त्या नावावरून कळत नाही. तेलकट, गुळगुळीत पृष्ठाला ते धरत नाही. काही महिन्यांनी कोपऱ्यात नख घातलं की दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा हातात येतो, नव्या चित्रासकट.

अॅक्रिलिक चित्राचं उलटं. स्पिरिटने (अल्कोहोलने) किंवा अॅसिटोनने रंग मऊ पडतो खरा, पण खालचं जेसोही त्याच जातीचं. तेही सुटतं आणि कोरं कापड उघडं पडतं. म्हणून तिथे खरवडून वर नवं जेसो देणंच सोयीचं, आणि ते धरतंही. तैलचित्राला मात्र पॉलिश पेपर मारून तैल अस्तरच हवं. पेपर ओला करून मारायचा. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ छातीत जाते.