वेग वाढतो, कोपर मागे राहतं

जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, म्हणजे बेसबॉलमधला क्षेत्ररक्षक. पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणं, त्याने २०१० मध्ये मनावर घेतलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स या संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला नवव्या फेरीत घेतलं. मेट्सच्या हाताखालच्या, टेनेसीतल्या किंग्सपोर्टच्या संघाकडून तो जेमतेम सहा सामने खेळला आणि त्याच्या कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, गेलं. शस्त्रक्रिया झाली, २०११ चा हंगाम बुडाला. पण मेट्सच्या फ्लोरिडातल्या केंद्रात तेव्हाच नावाजलेला पिचर योहान सँताना खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. त्याचा चेंजअप, म्हणजे हाताचा वेग तोच ठेवून टाकलेला संथ चेंडू, भल्याभल्यांना फसवायचा. तो बोटांत कसा धरायचा, हे सँतानाने या पोराला दाखवलं. डीग्रॉम मुख्य लीगमध्ये आला २०१४ मध्ये, सव्विशीच्या उंबरठ्यावर. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने लागोपाठ दोनदा घेतला.

अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार मायनर लीग संघ: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली अगदी नवख्यांसाठी फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या लीग. आपल्या रणजी संघाला स्वतःसाठी करंडक जिंकायचा असतो. इथे खेळाडू आणि प्रशिक्षक वरच्या संघाच्या पगारावर असतात, त्यामुळे सामना जिंकण्यापेक्षा पिचर तयार होणं महत्त्वाचं. आज किती चेंडू टाकायचे, पुढचा सामना किती दिवसांनी, हे वरूनच ठरून येतं.

एवढी काळजी कशासाठी, हे कोपरात दडलंय. चेंडू सोडताना पिचरचा खांदा सेकंदाला ७,००० अंशांहून अधिक वेगाने फिरतो. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. त्याच्या क्षणभर आधी, हात पूर्ण मागे गेलेला असताना, कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. तळहाताला अठरा-वीस किलोचं वजन बांधून पुढचा हात बाहेरच्या बाजूला ओढावा, साधारण तेवढा हा ताण. तिथली दोन हाडं जोडून ठेवणारं लिगामेंट प्रयोगशाळेत एकटं ताणलं, तर याच्या जवळपास निम्म्या ताणाला तुटतं. उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात. स्नायू दमले की तो पुन्हा लिगामेंटवर येतो.

स्नायू काही महिन्यांत बळकट होतात. लिगामेंटला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ते फार सावकाश बदलतं. एकोणीस वर्षांच्या मुलाने एका हिवाळ्यात व्यायाम करून वेग वाढवला, तर त्याच्या दंडाची तयारी होते, कोपराची होतेच असं नाही. मला या सगळ्या विषयाचं मर्म इथेच वाटतं.

लिगामेंट तुटणं म्हणजे पूर्वी कारकीर्द संपणं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या दुसऱ्या हातातली कंडरा काढून दुखऱ्या कोपरात बसवली. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे. पण परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि सगळेच परत येत नाहीत.

आता सरावाकडे पाहू. पायचीतच्या निर्णयांमुळे आपल्याला ठाऊक असलेली हॉक-आय यंत्रणा २०२० पासून मुख्य लीगमध्ये प्रत्येक चेंडू टिपते; खालच्या स्तरांवरही कॅमेरे आणि रडार पोचले आहेत. तरुण पिचर एक चेंडू टाकतो. पुढचा हातात घेईपर्यंत टॅबलेटवर आकडे आलेले असतात: वेग किती, मिनिटाला फिरकी किती, अक्ष कुठे कललेला, चेंडू किती इंच वळला. शेजारच्या अतिवेगवान कॅमेऱ्यात शेवटी कोणतं बोट शिवणीवरून सुटलं तेही दिसतं. प्रशिक्षक बोट किंचित सरकवायला सांगतो. पुन्हा चेंडू, पुन्हा आकडे. फिरणाऱ्या चेंडूभोवती हवेचा दाब असमान होऊन तो वळतो, हे जुनं ज्ञान. शिवण कुठल्या बाजूला येते यावरही हवा चेंडूपासून कुठे सुटते ते ठरतं, हे अलीकडे नीट मोजता आलं. पूर्वी जो चेंडू बसवायला अख्खा हंगाम जायचा, तो आता काही आठवड्यांत हाती येऊ शकतो. हे खरोखर थक्क करणारं आहे.

वेगाच्या मागे लागण्याची किंमत मात्र मोठी आहे. २०१८ मध्ये १३ ते १८ वयाच्या पिचरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे कमी-जास्त वजनाचे चेंडू टाकून त्या गटाचा वेग ३ टक्क्यांच्या आसपास वाढला. त्याच गटातल्या जवळपास चौघांत एकाला दुखापत झाली. मुख्य लीगने, म्हणजे मेजर लीग बेसबॉलने, डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचा अहवाल काढला. त्यानुसार सरासरी फास्टबॉल २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ वर गेला. जखमींच्या यादीत पिचर जाण्याचे प्रसंग २००५ मध्ये २१२ होते, २०२४ मध्ये ४८५.

मग नुसती चेंडूंची काटकसर केली तर? वॉशिंग्टन संघाचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग याचं कोपर २०१० मध्ये, पदार्पणाच्याच हंगामात गेलं. २०१२ मध्ये संघ जिंकत असताना त्याला सप्टेंबरमध्येच थांबवलं. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्यानंतर दुखापतींनी त्याला जवळजवळ खेळूच दिलं नाही. पिचरच्या इनिंगांत (बेसबॉलच्या एका सामन्यात नऊ असतात) दरवर्षी ३० पेक्षा जास्त वाढ नको, हा एकेकाळचा लोकप्रिय नियमही आकडेवारीच्या तपासणीत टिकला नाही. इनिंग मोजून कोपरावरचा भार कळत नाही; प्रत्येक चेंडू किती जोर लावून टाकला, यावर तो अवलंबून असतो.

पिट्सबर्गच्या संघाने २०२४ मध्ये तरुण पिचर पॉल स्कीन्सला ट्रिपल-ए इंडियानापोलिसमध्ये सुरुवातीला मोजकेच चेंडू टाकू दिले आणि हळूहळू वाढवत मे महिन्यात मुख्य लीगमध्ये आणलं. प्रेक्षक उतावीळ झाले होते, तरी मला तो क्रम योग्य वाटतो.

मेजर लीगच्या त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत चिंतेची वाटते. दुखापती हंगामपूर्व सरावाच्या दिवसांत एकदम वाढतात. हिवाळ्यात ही मुलं खाजगी केंद्रांत पूर्ण ताकदीने चेंडू फेकून येतात, आणि हंगामात एकेक चेंडू मोजणाऱ्या संघाच्या नोंदीत ते बहुतेकदा आलेलेच नसतात.